समाजमंदिराच्या पश्चिमेला झाड हवे

पावसाळा लागला की आपल्या वस्त्यांत वृक्षारोपणाचे कार्यक्रम होतात. पाहुणे येतात, फोटो निघतात. खड्डे मात्र बहुतेक वेळा फाटकाजवळ खणलेले असतात, कारण तिथे फलक नीट दिसतो. आमचे म्हणणे असे की, झाडाची जागा हा शोभेचा प्रश्न नाही, तो आरोग्याचा प्रश्न आहे.

समाजमंदिर दिवसभर कोण वापरते? सकाळी अंगणवाडीची मुले, दुपारी घडीभर टेकायला येणारी म्हातारी माणसे, संध्याकाळी अभ्यासिकेतील विद्यार्थी. वर पत्रे किंवा उघडा स्लॅब. उन्हाचा तडाखा लहान मुलांना आणि वृद्धांना आधी बसतो. म्हणून त्यांच्या बसण्याच्या जागेपासून विचार सुरू करायला हवा.

महाराष्ट्रात मे महिन्यात भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. तेव्हा दक्षिणेच्या भिंतीला ऊन फारसे लागत नाही. दुपारनंतर तापते ती पश्चिमेची भिंत, आणि ती रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते. चारच्या सुमारास झाडाची सावली निदान त्याच्या उंचीएवढी लांब पडते. म्हणून पहिले झाड पश्चिमेला लावावे. दक्षिण बाजू मोकळी राहिली तर थंडीत मुलांना कोवळे ऊन मिळते.

कडुलिंब आणि करंज यांना भर उन्हाळ्यात दाट पाला असतो. ते भिंतीपासून १५ फुटांवर लावावेत. गुलमोहर दिसायला सुंदर, पण त्याच्या फांद्या वादळात मोडतात. मुले खेळतात तिथे तो नको. पिंपळाबद्दल आपल्याला आदर आहे, बोधिवृक्ष म्हणून तो हवाच. पण त्याची मुळे भिंत आणि पाण्याची टाकी फोडतात. त्याला मैदानाच्या कडेला, इमारतीपासून दूर, ऐसपैस जागा द्यावी. तो आदराला धरूनच होईल.

विजेच्या तारांखाली झाड लावू नये. रस्त्याचा दिवा फांद्यांनी झाकला तर रात्री शौचालयाकडे जाणाऱ्या बायाबापड्यांना अंधारातून जावे लागते, हेही पाहावे. नळाचे सांडपाणी आळ्याकडे वळवता येते; मात्र ते साचू देऊ नये. साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डास तयार होतात. बुंध्याभोवती सिमेंट किंवा पेव्हर ब्लॉक बसवून मातीचा श्वास कोंडू नये.

जागाच नसेल तर पश्चिमेच्या भिंतीबाहेर वेलाचा मांडव घालावा. तोही ऊन अडवतो.

जागा चुकली तर पुढे दुरुस्ती सोपी नसते. १९७५ च्या राज्याच्या कायद्याप्रमाणे शहरात झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. म्हणून खड्डा खणण्याआधी बैठक घ्यावी. तिला अंगणवाडी सेविका हव्यात, वृद्ध हवेत, आणि पहिले दोन-तीन उन्हाळे रोपाला पाणी घालणार त्या भगिनीही हव्यात. आदल्या दिवशी दुपारी चार वाजता सर्वांनी मिळून समाजमंदिराला एक फेरी मारावी आणि भिंतीला हात लावून पाहावा. ज्या भिंतीचा चटका बसेल, तिच्यासमोर खुणेचा दगड ठेवावा. पाहुण्यांना तिथेच उभे करू.