गंजलेला हौदा : पीक संरक्षणातील दुर्लक्षित दुवा

पिकअपचा हौदा गंजला की दोष पावसाळ्याला दिला जातो. पाणी आणि प्राणवायू यांच्याशिवाय लोखंड गंजत नाही, हे खरे. परंतु शेतीच्या वाहनात गंजाला वेग देतात ते खतांचे क्षार. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराईड. फाटक्या गोणीतून सांडलेले त्याचे दाणे पत्र्याच्या सांध्यांत अडकतात, ओलावा धरतात आणि रंग उडालेला पत्रा पोखरू लागतात. मोरचुदाची तऱ्हा वेगळी. कच्च्या बोर्डो मिश्रणात बुडवलेल्या विळ्यावर तांबूस थर चढतो, तेव्हा त्या जागी लोखंड विरघळत असते. मोरचूद सांडलेल्या ओल्या हौद्यातही तेच घडते.

नुकसान केवळ वाहनाचे असते, तर हा विषय गॅरेजवर सोपवता आला असता. परंतु गुळगुळीत पत्रा धुऊन स्वच्छ होतो. खवले सुटलेला, खळगे पडलेला पत्रा तसा होत नाही. सांडलेले कीटकनाशक त्यात मुरते आणि पुढच्या खेपेस त्याच हौद्यात भाजी किंवा वैरण भरली जाते. 1958 साली केरळमध्ये वाहतुकीदरम्यान पॅराथिऑन मिसळलेल्या गव्हाच्या पिठाने शंभराहून अधिक बळी घेतले. त्यानंतर 1968 चा कीटकनाशक कायदा आला. कीटकनाशकांचा अन्नपदार्थांशी वा पशुखाद्याशी थेट संपर्क येईल अशी वाहतूक 1971 च्या नियमांना मान्य नाही. गंजलेला हौदा हा नियम नकळत मोडतो.

उपाय साधे आहेत. कीटकनाशके झाकणबंद प्लॅस्टिकच्या पेटीतूनच न्यावीत. खताची खेप उतरताच हौदा आधी कोरडा झाडावा, मग सांधे, फाळक्याच्या बिजागऱ्या आणि चॅसिसची खालची बाजू भरपूर पाण्याने धुवावी. हे पाणी विहीर, ओढा वा गोठ्याकडे जाऊ देऊ नये. पाणी निघून जाण्याची छिद्रे मोकळी ठेवावीत. रबरी मॅट उचलून खालचा पत्रा वाळू द्यावा, कारण गंज तिच्याआड दडतो. डाग दिसताच तो तारेच्या ब्रशने व पॉलिश पेपरने चकचकीत धातू लागेपर्यंत घासावा आणि त्याच दिवशी प्राइमर, त्यावर रंग द्यावा. गंजावरच रंग फासला तर तो आतून वाढतच राहतो. पत्रा आरपार गेला असल्यास तो बदलणेच योग्य.

हंगामाच्या धांदलीत हे जमत नाही, असा आक्षेप येईल आणि तो अगदीच अवास्तव नाही. म्हणूनच ही जबाबदारी एकट्या शेतकऱ्यावर टाकणे पुरेसे नाही. सुरक्षित फवारणीच्या प्रशिक्षणात हातमोजे, मुखपट्टी आणि नोझल यांची चर्चा होते; विक्रेत्याच्या दुकानापासून शेतापर्यंतचा प्रवास मात्र सुटून जातो. विस्तार कार्यकर्त्यांनी खरिपापूर्वीच्या बैठकीत वाहनाची तपासणी समाविष्ट करावी आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांनी संकलन केंद्रावर हौदा धुण्याची सोय करावी. मालातील कीटकनाशकांच्या अंशांची काळजी शेतात घेतली जाते. ती वाहनातही घेतली जायला हवी.