बिंदू आत की बाहेर?



वार्षिक प्रदर्शनासाठी यंदा आठवीच्या मुलांना आम्ही एक वेगळे काम दिले. सय्यद हैदर रझा यांच्या बिंदू-चित्रांपैकी एकाची छापील प्रत समोर ठेवली आणि सांगितले, ''याचे मॉडेल करा.''

आपल्या राजवाड्याचे मॉडेल मुलांनी अनेकदा केले आहे. तिथे वस्तू डोळ्यांसमोर असते, ती फक्त लहान करायची. इथे वस्तूच नव्हती. एक मोठे काळे वर्तुळ, भोवती चौकटी, रंगांचे पट्टे. अमूर्त चित्र! पहिल्याच दिवशी एका मुलीने विचारले, ''सर, हा काळा गोल आत गेलाय की बाहेर आलाय?'' आमच्यापाशी उत्तर नव्हते.

उत्तर मुलांनीच शोधले. एका गटाने पुठ्ठा कापून मागे काळी रंगवलेली वाटी बसवली. दुसऱ्याने अर्धा चेंडू चिकटवला. पण काळा रंग उजेड गिळतो, त्यामुळे चेंडूचा फुगीरपणा दिसेना. मग कडेने विजेरीचा प्रकाश टाकून पाहिला. तिसऱ्या गटाने काळी चकती दोऱ्याने पुढे टांगली, तर तिची सावली मागच्या लाल पट्ट्यावर पडली आणि नवाच आकार तयार झाला. चित्रात बिंदू एकाच वेळी आतही असतो, बाहेरही. मॉडेल करताना मात्र एक बाजू निवडावी लागते आणि दुसरी गमवावी लागते. हे मुलांना आम्ही शिकवले नाही, पुठ्ठ्याने शिकवले.

एका पालकांनी विचारले, ''एवढ्या मोठ्या चित्रकाराच्या चित्राची ही मोडतोड नव्हे का?'' आम्हाला तसे वाटत नाही. हॉलंडमध्ये मोंद्रियान आणि त्यांचे सहकारी लाल, निळ्या, पिवळ्या आयतांची चित्रे काढत होते. त्याच चळवळीतील रीटवेल्ट हे सुतारकामातून पुढे आलेले. त्यांनी १९२४ मध्ये युट्रेक्ट येथे तीच दृष्टी वापरून राहते घर उभे केले. ते कोणत्याही एका चित्राची नक्कल नाही, आणि २००० पासून ते जागतिक वारसा आहे. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातले, म्हणून आम्ही मॉडेलला 'प्रतिरूप' म्हणून मोकळे झालो होतो. मराठीच्या बाईंनी 'प्रतिकृती' सुचवले. मुलांचे काम पाहून दोन्ही शब्द अपुरे वाटले.

रझा आपल्याच मध्य प्रदेशातले; जन्म १९२२, मंडला जिल्हा. लहानपणी त्यांचे चित्त एका जागी ठरत नसे, म्हणून शाळेतल्या गुरुजींनी भिंतीवर एक बिंदू काढून त्याकडे पाहत बसायला सांगितले, ही आठवण ते स्वतः सांगत असत. पुढे पॅरिसमध्ये अनेक वर्षे काढल्यावर, १९८० च्या सुमारास, तोच बिंदू त्यांच्या चित्रांच्या केंद्रस्थानी आला. खेड्यातल्या एका शिक्षकाने दिलेला वेळ असा फळाला आला.

आणि आम्ही काय केले? गेली दोन वर्षे परीक्षा जवळ आली की चित्रकलेचा तास गणिताला देऊन टाकला. हा निर्णय आमचाच होता आणि तो चुकला, हे इथे मान्य करतो. वर्तुळ आणि अर्धगोल यांतला फरक फळ्यावर ज्यांना कळत नव्हता, त्यांतल्या काहींनी तो चेंडू कापताना बरोबर सांगितला.

पुढील सत्रापासून हा तास दुसऱ्या कोणत्याही विषयाला दिला जाणार नाही. पालकांना विनंती एवढीच की बाजारातून तयार मॉडेल आणू नका, रात्री जागून स्वतःही करून देऊ नका. वाकडे झाले तरी चालेल. मुलाने विचारले, ''आत की बाहेर?'' तर उत्तर सांगू नका. जुना पुठ्ठा आणि कात्री तेवढी हाताशी ठेवा.