साहस नव्हे, अविचार

मालवण-तारकर्लीच्या समुद्रात हवेची टाकी पाठीवर घेऊन बुडी मारण्यासाठी, म्हणजेच स्कूबा डायव्हिंगसाठी, आणि प्रवाळसृष्टीचे दर्शन घेण्यासाठी पर्यटक येतात, ही आनंदाची गोष्ट खरी. परंतु प्रकृतीविषयीच्या अर्जावर तो न वाचताच सही करणारे, दमा वा हृदयविकार जाणूनबुजून दडवणारे आणि रात्रीच्या मद्याचा अंमल उतरण्यापूर्वीच होडीत चढणारे जे लोक त्यांत आढळतात, त्यांच्या वर्तनास साहस म्हणणे मला सर्वथा अमान्य आहे.

समुद्रपृष्ठावर असणारा दाब अवघ्या 10 मीटर खोलीवर दुप्पट होतो. तेथे टाकीतील हवा छातीत भरून घेतलेला मनुष्य भयभीत होऊन, श्वास रोखून वर झेपावला, तर तीच हवा प्रसरण पावून फुप्फुस फाडू शकते, आणि तिचे बुडबुडे रक्तावाटे मेंदूत पोहोचल्यास पक्षाघात, प्रसंगी मृत्यूही ओढवतो. पाणी उथळ आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की, दीड मीटरवरूनही हा अनर्थ घडू शकतो. श्वास अखंड चालू ठेवणे हा या विद्येचा पहिला नियम असताना, तो समजावून सांगितला जात असतानाच कित्येकांचे चित्त छायाचित्रांत गुंतलेले असते! त्याच हव्यासापायी मार्गदर्शकाचा हात सोडणे किंवा शतकांच्या वाढीने उभ्या राहिलेल्या प्रवाळावर पाय रोवणे, हे तर अक्षम्यच.

अपात्र ग्राहकास नकार देणाऱ्या मार्गदर्शकाशी पैशाच्या जोरावर हुज्जत घातली जाते, तेव्हा प्रशासनाने त्या मार्गदर्शकाच्या पाठीशी उभे राहावे, आणि अर्जाची रीतसर पडताळणी झाल्याखेरीज कोणासही पाण्यात उतरवू नये, असा सक्त हुकूम काढावा.