घरोघरच्या गोष्टी : निवळी आणि डबा

श्रीखंडासाठीं चक्का टांगला म्हणजे फडक्यांतून रात्रभर जें हिरवट-पिवळें पाणी ठिबकतें त्यास आपण निवळी म्हणतों, आणि सकाळीं तें पातेलें मोरींत उपडें करितों. आमच्या घरीं तरी हाच प्रघात आहे. गेल्या महिन्यांत आमच्या पुतण्यानें निवळीच्याच भुकटीचा एक डबा घरीं आणिला. वजन एक किलो, किंमत अडीच हजार रुपये. त्या दिवसापासून घरांत जी चर्चा चालली आहे ती पुष्कळ वाचकांच्या घरींही चालली असेल, म्हणून ती येथें मांडतों.

पुतण्या पंचवीस वर्षांचा. सकाळीं बदलापुराहून लोकलनें मुंबईस जातो आणि रात्रीं परतल्यावर तासभर व्यायामशाळेंत वजनें उचलतो. आमच्या तरुणपणीं व्यायाम म्हणजे सूर्यनमस्कार, जोर आणि बैठका, व त्यावर पेलाभर दूध. आतां उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ह्यांपैकीं कोणत्याही स्टेशनाबाहेर पडावें तों व्यायामशाळेची पाटी दिसते, आणि हे डबे विकणारें दुकानही दूर नसतें. डबा पाहतांच वहिनींनीं मूत्रपिंडें बिघडतील म्हणून धसका घेतला. बंधूंनीं इतक्या पैशांत महिन्याचें दूध आलें असतें असें ऐकविलें. आमच्या शहाऐंशी वर्षांच्या मातोश्रींनीं मात्र एकच प्रश्न विचारला, "त्यांत वासराचें कांहीं नाहीं ना रे?" आम्हीं जन्मभर मास्तरकी केलेली, निवाडा आमच्याकडे आला.

मातोश्रींचा प्रश्न भाबडा नव्हे. गाईच्या दुधांतील प्रथिनांपैकीं सुमारें ८० टक्के केसीन असतें. दूध साकळलें कीं तें घट्ट भागांत जातें. उरलेलीं २० टक्के प्रथिनें पाण्यांत विरघळून राहतात, तीच निवळींतील प्रथिनें. बाजारांतील भुकटी बहुतेक चीजच्या कारखान्यांतील निवळीपासून होते, आणि पाश्चात्त्य देशांत चीज साकळविण्यास वासराच्या जठरांतून काढलेलें रेनेट वापरण्याची चाल फार जुनी आहे. आतां सूक्ष्मजंतूंपासून केलेलें रेनेटही सर्वत्र मिळतें. पुणे जिल्ह्यांत मंचर येथें पराग मिल्क फूड्स ह्या कंपनीच्या चीजच्या कारखान्यांतून अशीच भुकटी निघते, ती शाकाहारी म्हणून विकली जाते. ज्यांस शंका असेल त्यांनीं डब्यावरील हिरवा ठिपका पाहावा. आमच्या डब्यावर तो होता, आणि मातोश्रींपुरता तो प्रश्न मिटला.

अमरकोशांत 'मस्तु' हा शब्द आहे, आणि सुश्रुतसंहितेंत मस्तूचे गुणही वर्णिले आहेत. तेवढ्यावरून आपल्या पूर्वजांस ही भुकटी ठाऊक होती असें कोणी म्हणूं लागल्यास त्यास आवरावें. १०० मिलिलिटर निवळींत प्रथिन एक ग्रॅमही भरत नाहीं. बाकी पाणी, थोडी दुग्धशर्करा आणि क्षार. डब्यांतील एका मापांत, म्हणजे सुमारें ३० ग्रॅम भुकटींत, २४ ग्रॅम प्रथिन असतें. तेवढें मिळविण्यास घरची निवळी तीन लिटर प्यावी लागेल. युरोप-अमेरिकेंतील कारखान्यांसही हें पाणी कोठें टाकावें हा प्रश्नच होता. नदींत सोडलें तर नदी नासते. १९७० नंतरच्या दशकांत अत्यंत बारीक छिद्रांच्या पडद्यांतून तें गाळून प्रथिन वेगळें काढण्याची रीत कारखान्यांत रुळली, आणि टाकाऊ पदार्थाचा भाव चढला. निवळी मोरींत ओतण्याऐवजीं थालीपिठाचें पीठ तिनें भिजवावें, कढींत घालावी. परंतु तिनें दंड भरतील अशी आशा करूं नये.

मग आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलों. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबानें प्रौढ माणसास दर किलो वजनामागें रोज ०.८३ ग्रॅम प्रथिन पुरें. पुतण्याचें वजन ६५ किलो, म्हणजे ५४ ग्रॅम. त्याच्या पोटांत दिवसभरांत दोन पेले दूध, सहा पोळ्या, भात, वाटीभर दहीं, आमटी-उसळीची मिळून १०० ग्रॅम डाळ-कडधान्यें आणि मूठभर शेंगदाणे जातात. बेरीज ७० च्या आसपास झाली. म्हणजे गरज भागून वर उरतें. ह्याच संस्थेनें २०२४ सालच्या आहारविषयक सूचनांत शरीर कमावण्यासाठीं अशा भुकट्या घेणें टाळावें असें स्पष्ट सांगितलें आहे. पुतण्याचें म्हणणें असें कीं, वजनें उचलणाऱ्यास १.६ ग्रॅमपर्यंत उपयोग होतो असें व्यायामशास्त्राचे अभ्यासक सांगतात. तेंही खोटें नाहीं. त्या हिशेबानें त्यास १०४ ग्रॅम हवें. तीसेक ग्रॅमची तूट राहते. ती शेंगदाण्यांनीं भरावी तर शंभर-सव्वाशें ग्रॅम दाणे व त्यांतील पन्नाससाठ ग्रॅम तेल पोटांत जाणार. म्हणून एखादें माप घेण्यास आमची हरकत नाहीं, मात्र व्यायाम चुकला त्या दिवशीं डबाही बंद. वहिनींसही सांगितलें कीं, निरोगी मूत्रपिंडास एवढ्यानें अपाय होतो असें सिद्ध झालेलें नाहीं. ज्यांचें मूत्रपिंड आधींच दुबळें आहे त्यांनीं मात्र डॉक्टरांस विचारल्यावांचून हात लावूं नये.

हिशेब संपला असें वाटलें, तोंच सौ. म्हणाल्या, "अहो, आतां सासूबाईंचाही मांडा कीं." आम्हीं सहज मांडला, आणि मांडून झाल्यावर फार लाज वाटली. वजन ४८ किलो. निदान ४० ग्रॅम प्रथिन पाहिजे, आणि वृद्धांस दर किलोस एक ग्रॅम वा त्याहून थोडें अधिक असावें असें आज तज्ज्ञ म्हणतात. मातोश्रींचें जेवण म्हणजे चहांतील दूध, एक पोळी दुधांत कुस्करून, मऊ भात, वरणाचें वरचें पाणी आणि पातळ ताक. दांत नाहींत म्हणून उसळ नको. एकादशीस व चतुर्थीस साबुदाणा, त्यांत तर प्रथिन जवळजवळ नाहींच. आंकडा २५ च्या पुढें सरकेना. गेल्या दिवाळीपासून पाटावरून उठतांना त्या दोन्ही हात जमिनीस टेंकतात, तें वयामुळें असें आम्ही समजत होतों. तरुण मुलाच्या पेल्याविषयीं आठ दिवस वाद घालणाऱ्या आम्हां सर्वांस, रोज त्याच पंगतींत बसणाऱ्या म्हाताऱ्या बाईच्या ताटाकडे पाहण्याचें सुचलें नव्हतें.

अंबरनाथच्या डॉक्टरांकडे त्यांस नेलें. त्यांनीं मूत्रपिंडाची रक्ततपासणी करविली, ती ठीक निघाली, आणि अर्धें माप सुरू करण्यास परवानगी दिली. त्याबरोबर खुर्चीवरून दिवसांतून दोनदां दहा वेळां उठून बसण्याचा व्यायाम सांगितला. स्नायूंस काम दिल्यावांचून नुसत्या प्रथिनानें बळ येत नाहीं. वरणही आतां पाण्यासारखें न वाढतां घट्ट घोटून वाढण्याचें ठरलें.

पुतण्याचा डबा मात्र आम्हीं त्यांस दिला नाहीं. तो उल्हासनगरच्या एका दुकानांतून शेंपन्नास रुपये सवलतीच्या मोहानें बिलावांचून आणिला होता, आणि झांकणाखालचें सील अर्धवट सुटलेलें होतें. उल्हासनगरच्या मालावर आपल्याकडे थट्टा फार होते. फाळणीनंतर सिंधहून निर्वासित होऊन आलेल्या लोकांनीं ओसाड लष्करी छावणींत शून्यांतून उभी केलेली ती पेठ आहे, आणि एका दुकानावरून पेठेस नांवें ठेवणें बरें नव्हे. बिल न मागण्याची चूक आमच्या पुतण्याची. शिवाय लबाडी कोठल्याही गांवीं होऊं शकते. प्रयोगशाळेंत प्रथिन प्रत्यक्ष न मोजतां नायट्रोजन मोजून त्यावरून प्रथिनाचा अंदाज बांधितात. म्हणून ग्लायसीनसारखीं स्वस्त अमिनो आम्लें मिसळलीं कीं आंकडा फुगतो. २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासांत ३६ भुकट्या तपासल्या. सुमारें ७० टक्क्यांवरील प्रथिनाचा आंकडा चुकीचा निघाला, कांहींत तर सांगितल्याच्या निम्मेंच प्रथिन होतें. म्हणून डब्यावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ आंकडी परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदत पाहावी, घटकांची यादी वाचावी, आणि बिल घ्यावें.

नवा डबा आला आहे. उकळत्या दुधांत भुकटी टाकली तर गुठळ्या होतात हें सौ. पहिल्याच दिवशीं शिकल्या. आतां नाचणीची आंबील कोमट झाल्यावर कालवितात. मातोश्रींस तिचा व्हॅनिलाचा वास मुळींच खपत नाहीं, त्यांस वेलदोडा पाहिजे. म्हणून पुढल्या वेळीं बिनवासाची भुकटी शोधून, बिलासह आणण्याचें काम पुतण्याकडे सोंपविलें आहे.