‘साभार परत’ची बाजू

दिवाळी अंकात शोधनिबंधाची चर्चा म्हणजे फराळाच्या ताटात कारल्याची फोड, असे कुणी म्हणेल. म्हणो बापडा! हा अंक ज्या घरांत जाईल त्यांतल्या एखाद्या घरी मुलगी, सून किंवा भाचा प्रबंधाच्या कामात बुडालेला असेल, आणि त्याच्या कानात कुणीतरी सांगितलेही असेल की, ‘अमुक रुपये भर, आठ दिवसांत निबंध छापून हाती पडेल.’ या कानमंत्राविरुद्ध हा लेख आहे.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. विद्वानांच्या पंक्तीत माझे पान मांडलेले नाही. परंतु कादंबऱ्या लिहीत असल्यामुळे हस्तलिखित सिद्ध करणे, ते संपादकाकडे धाडणे आणि ‘साभार परत’ हे दोन शब्द पचवणे, या तिन्ही गोष्टींचा सराव मला भरपूर आहे. त्या बळावर सांगतो: जे नियतकालिक कधी काहीच परत करीत नाही, त्याला नियतकालिक म्हणू नये, दुकान म्हणावे.

पुरावा हवा? ‘सायन्स’ या साप्ताहिकासाठी जॉन बोहॅनन नावाच्या पत्रकाराने एक बनावट निबंध रचला आणि तो ३०४ नियतकालिकांकडे धाडला. आपल्या गोड्या मसाल्यातले दगडफूल ज्या वर्गात मोडते, त्या वर्गातून काढलेले द्रव्य कर्करोगावर चालते, असा त्यात दावा होता. शाळेतले रसायनशास्त्र जेमतेम ओलांडलेल्याच्याही ध्यानात यावेत असे दोष त्यात मुद्दाम पेरलेले होते. लेखक खोटे, त्यांच्या संस्था खोट्या. तरी १५७ ठिकाणी तो स्वीकारला गेला! हा सारा प्रकार २०१३ साली प्रसिद्ध झाला. निबंध खरा मानून कुणी औषध शोधायला निघाला असता तर? खोटे नाणे एका हातातून दुसऱ्या हातात जाते; खोटा निबंध तर रोग्याच्या उशापर्यंत जाऊ शकतो.

आता दुसरी बाजू पाहा. रामानुजन हेही मॅट्रिकच. पुढच्या परीक्षेत नापास. १९११ साली त्यांचा पहिला मोठा निबंध इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला. पण येण्यापूर्वी तो संपादकांकडून पुन्हा पुन्हा परत आला होता. बुद्धी अलौकिक, पण मांडणी अशी की साधारण वाचकाला पायऱ्याच सापडू नयेत. संपादकाने पायऱ्या घालून घेतल्या. १९१८ साली रॉयल सोसायटीने ज्यांना आपले सदस्य करून घेतले, त्यांनाही जर पुन्हा लिहावे लागले, तर आपल्या भाच्याने का लिहू नये?

हस्तलिखिताची तयारी म्हणजे समास सोडणे आणि संदर्भांची यादी नटवणे, एवढाच अर्थ हल्ली उरला आहे. खरी तयारी निराळी. ज्या नियतकालिकाकडे पाठवायचे त्याचे मागचे अंक आधी वाचावेत. एका निबंधाने एकच प्रश्न विचारावा. माहिती कशी मिळवली ते असे लिहावे की दुसऱ्याने तीच वाट धरली तर कुठे वळायचे ते त्याला कळावे. हाती काय आले आणि त्याचा अर्थ काय, यांची खिचडी करू नये. सारांश छापतात आरंभी, पण लिहावा सर्वांच्या शेवटी. ज्या ग्रंथाचा हवाला द्यायचा तो स्वतः उघडून पाहावा. आता निबंध लिहून देणारी यंत्रे आली आहेत आणि कधीच न लिहिल्या गेलेल्या ग्रंथांची नावे ती बेधडक ठोकून देतात. ज्याने काम केले त्याचेच नाव घालावे. विभागप्रमुखांचे नाव नैवेद्यासारखे वर ठेवू नये. आणि एकाच वेळी दोन संपादकांकडे निबंध पाठवणे हे एका मुलीचा साखरपुडा दोन घरी करण्यासारखे आहे.

यावर कुणी म्हणेल, ‘मास्तर, परीक्षकही चुकतात!’ चुकतात तर. १९३७ साली हान्स क्रेब्ज यांचे सायट्रिक आम्लाच्या चक्रावरचे टिपण ‘नेचर’ने जागा नाही म्हणून परत केले. क्रेब्ज यांनी ते दुसरीकडे छापले आणि त्याच कामाबद्दल १९५३ साली नोबेल पारितोषिक घेतले. परत आलेला निबंध खरा असेल तर तो मरत नाही. दुकानात छापलेला खोटा मात्र लेखकाच्या नावाला जन्मभर चिकटून राहतो.

‘पण नियमच तसा होता,’ हा दुसरा बचाव. होता खरा. २०१६ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने प्रबंध सादर करण्याआधी निदान एक निबंध छापलेला असावा असे ठरवले. गरज दिसली की दुकाने उघडणारच! २०१८ साली आयोगालाच आपल्या मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके काढून टाकावी लागली, आणि २०२२ साली तो नियमही गेला. मोजण्याची हौस मात्र गेलेली नाही. शेंगा मोजून ओझे कळते. विद्वत्ता कळत नाही.

या हौसेत घरच्यांचाही वाटा आहे. ‘छापून आला का?’ हा प्रश्न आपणच विचारतो, आणि पोर त्या प्रश्नाच्या भीतीने दुकानाची पायरी चढते. तेव्हा या भाऊबिजेला निराळा प्रश्न विचारा: ‘परत आला का? परीक्षकाने काय काय विचारले?’ आणि तिने चार आक्षेप सांगितले, तर तिच्या ताटात एक लाडू जास्त वाढा.