दृढीकरणानंतर मुले जातात कुठे?

आपल्याकडे दृढीकरणाचा वर्ग म्हणजे प्रश्नोत्तरांचे पाठांतर. बिशप येतात, फोटो निघतात आणि पुढच्या रविवारपासून मुलं गायब!

फिनलंडमधील लुथरन चर्चकडे पाहा. रविवारी तिथली बाकंही रिकामीच असतात. तरी साधारण 15व्या वर्षी बहुतेक मुलं दृढीकरणाच्या वर्गाला बसतात. वर्ग निदान सहा महिने चालतो आणि त्यात बहुधा आठवडाभराचं शिबिर असतं. पाळक शिकवतातच, पण गटचर्चा, गाणी, नाटुकली सांभाळतात ती आदल्या एक-दोन वर्षांत दृढीकरण झालेली मुलं-मुली. त्यासाठी पॅरिश त्यांना वेगळं प्रशिक्षण देते. वर्ग संपला तरी चर्चमध्ये त्यांचं काम शिल्लक राहतं.

तिथे चर्च-कर मिळतो, आपल्याकडे नाही, हे खरं. पण दादा-ताईंना पगार कुठे लागतो?

फादरांना विनंती, यंदाच्या मुलांतून चार-सहा जण निवडा, त्यांना तयार करा आणि पुढच्या वर्गापुढे उभं करा. खोडकर असतील तेही घ्या. इतकी वर्षं शाळेत शिकवून मला एवढं कळलंय, ज्याच्या हाती काम दिलं, तो मुलगा वर्ग सोडून जात नाही.

– एक निवृत्त शिक्षक, बेळगाव