घाट उतरताना ‘डी’वर विसंबू नका

ऑटोमॅटिक गाडी म्हणजे डोक्याला ताप नाही, असं सांगून शोरूमवाले ती विकतात. घाटात तो ताप ब्रेकला होतो.

वाईत माझं गॅरेज आहे. सुट्टी संपवून पाचगणीहून पसरणी घाट उतरलेल्या गाड्या इथं थांबतात, तेव्हा आधी जळका वास येतो, मग मालक. “मिस्त्री, पेडल पार खाली जातंय.” लिव्हर बघावा तर वरपासून ‘डी’वरच.

मॅन्युअल गाडीत उतार लागला की हात सवयीनं दुसऱ्या गिअरवर जातो आणि इंजिनच गाडीला आवरून धरतं. ऑटोमॅटिकमध्ये अॅक्सिलरेटरवरचा पाय काढला, की आता जोर नको असं समजून ती वरचा गिअर घेते. काही गाड्यांना उतार कळतो, सगळ्यांना नाही. मग हजार-बाराशे किलोंचा भार एकट्या ब्रेकवर. पॅड तापतात, ती धग ब्रेक ऑइलपर्यंत पोचते. नवं डॉट ४ ऑइल २३० अंशांपर्यंत तग धरतं. पण ते हवेतला ओलावा पितं आणि पुरेसं पाणी मुरलं की १५५च्या आसपासच उकळतं. वाफ झाली, की पाय फक्त वाफ दाबतो. चाकापर्यंत काही पोचत नाही.

याचा इलाज लिव्हरवरच असतो: ‘एम’, ‘एल’, कुठं ‘एस’. उतार सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर घ्या. इंजिन ओरडेल, ओरडू द्या. लोक त्या आवाजालाच घाबरतात आणि पेट्रोल जळतंय समजून परत ‘डी’ टाकतात. खरं तर हल्लीच्या इंजेक्शनच्या गाड्या अशा वेळी पेट्रोल तोडतात. ‘एन’ टाकून उतरणारे महाभाग मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरतं तरी जाळतातच, वर इंजिनाची ओढही घालवतात.

२०१४ साली सेलेरिओ गाडीबरोबर एएमटी ही स्वस्त ऑटोमॅटिक आली आणि क्लच कधी न दाबलेली माणसंही घाटात उतरली. त्यांचा काय दोष? डिलिव्हरीला हार, पेढे, फोटो, ब्लूटूथ सगळं होतं. ‘एम’ कशासाठी ते कुणी सांगत नाही. ऑटोमॅटिक विकणाऱ्यानं गिऱ्हाइकाला एकदा तरी उतारावर खालच्या गिअरमध्ये चालवायला लावावं, मगच किल्ली द्यावी.

आणि ब्रेक तापलेच, तर गाडी सपाटीला बाजूला घेऊन अर्धा तास चहा प्या. चाकांवर बाटलीनं पाणी ओतू नका. तापलेली डिस्क वाकते, कधी तडकते, आणि नव्या डिस्कचं बिल मलाच करावं लागतं.